फोटोमागची इटुकली

एक होतं घर. घराला होती भिंत. भिंतीवर होता फोटो. फोटोत होते पणजोबा, मोठ्ठ्या मिशांचे. आणि फोटोमागे कोण? फोटोमागे राहायची इटुकली पाल. एवढीशी. तुमच्या करंगळीएवढी.

एकदा सकाळी इटुकलीची आई म्हणाली, "मी माळ्यावर जाऊन येते. दिवे लागले की परत येईन. फोटोमागून हलायचं नाही."

"पाणी प्यायला?"

"नाही."

"माशी दिसली तर?"

"तरी नाही. मी आले की फोटोमागे बघणार. तिथेच सापडली पाहिजेस."

"बरं," इटुकली म्हणाली.

आई गेली. आणि आला नामा रंगारी. बादली ठेवली, ठण्ण. शिडी लावली, खट्ट. फोटो काढला. खिळा उपटला. भिंतीला पांढरा हात मारला, सपक सपक.

इटुकली पडली खाली, टप्प.

ती काही हलली नव्हती. फोटोच हलला.

आता आई कुठे बघणार? इटुकली सापडणार कशी? इटुकली मुळूमुळू रडली. मग जिभेनेच डोळे पुसले, पालींना तसंच येतं, आणि निघाली.

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

इटुकली गेली फोटोकडे. फोटो कोपऱ्यात उलटा ठेवलेला. पणजोबा डोक्यावर उभे.

"पणजोबा, पणजोबा, भिंतीवर चढा ना."

"चढलो असतो गं बाळ. सकाळपासून असा उलटा आहे, मिशा नाकात जातायत. पण खिळा शिरेल, तेव्हा मी चढेन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

इटुकली गेली खिळ्याकडे. खिळा खिडकीत आडवा पडलेला.

"खिळेदादा, खिळेदादा, भिंतीत शिर ना."

"का गं, काय झालं?"

"फोटो चढेना,
मग मी जाऊ कुठे?"

"ओल्या भिंतीत शिरून गंजू का मी?" खिळा म्हणाला. "भिंत वाळेल, तेव्हा मी शिरेन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

इटुकली गेली भिंतीकडे. आणि चढली की हो वर. चारही पाय पांढरे झाले, पचक पचक. ओल्या रंगाला हात लावायचा नसतो, तुम्हाला माहीत आहे ना? इटुकलीला नव्हतं माहीत.

"भिंतीबाई, भिंतीबाई, वाळा ना."

"आधी खाली उतर. हं. आता सांग. का गं, काय झालं?"

"खिळा शिरेना,
फोटो चढेना,
मग मी जाऊ कुठे?"

"आत्ता वाळू आणि परत भिजू? एवढा उद्योग कोणी सांगितलाय?" भिंत म्हणाली. "रंगारी रंगवेल, तेव्हा मी वाळेन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

इटुकली गेली रंगाऱ्याकडे. नामा रंगारी बादली उपडी घालून बसला होता. चहा पीत होता, फुर्र फुर्र.

"रंगारीकाका, रंगारीकाका, भिंत रंगवा ना."

"का गं, काय झालं?"

"भिंत वाळेना,
खिळा शिरेना,
फोटो चढेना,
मग मी जाऊ कुठे?"

"मी काय हौसेने बसलोय? हा तिसरा चहा आहे," नामा म्हणाला. "पण रंग कुठला द्यायचा? काकू ठरवतील, तेव्हा मी रंगवीन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

इटुकली गेली कुमुदकाकूंकडे. घर काकूंचं. काकूंच्या मांडीवर रंगांची कार्डं, पायाशी कार्डं, दातांतसुद्धा एक कार्ड. काकूंनी पाल बघितली. काकू खुर्चीवर चढल्या.

"काकू, काकू, रंग ठरवा ना."

"तिथूनच बोल," काकू म्हणाल्या. "का गं, काय झालं?"

"रंगारी रंगवेना,
भिंत वाळेना,
खिळा शिरेना,
फोटो चढेना,
मग मी जाऊ कुठे?"

"कसा ठरवू बाई? लिंबू कलर डोळ्यांत जातो. गुलाबी दिला तर लग्नाचा हॉल वाटतो. आमसुली दिला तर भरदुपारी दिवा लावावा लागेल. शेजारची मावशी पडदे शिवणार आहे, त्यांना शोभायला नको का? मावशी शिवेल, तेव्हा मी ठरवीन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

इटुकली गेली खिडकीतून बाहेर, शेजारच्या ओट्यावर. तिथे सगुणामावशीचं शिवणाचं मशीन. सुईत दोरा घातलेला. नाकावर चष्मा चढवलेला. आणि मावशी गालाला हात लावून बसलेली.

"मावशी, मावशी, पडदे शिव ना."

"का गं, काय झालं?"

"काकू ठरवेना,
रंगारी रंगवेना,
भिंत वाळेना,
खिळा शिरेना,
फोटो चढेना,
मग मी जाऊ कुठे?"

"कशाचे शिवू, माझ्या पदराचे?" मावशी म्हणाली. "बघ तिकडे. पडद्याच्या कापडावर कोण पसरलंय? उठवायला गेले तर ओचकारतो मेला. बोका उठेल, तेव्हा मी शिवीन."

बोका.

इटुकली दोन पावलं मागे सरकली. पाय म्हणाले, नको नको. पण दिवे लागले की आई येणार होती. फोटोमागे बघणार होती.

सुळुक... सुळुक...

इटुकली गेली बोक्याकडे. फार जवळ नाही गेली. लांबच थांबली. बोका ढब्बू, भोपळ्याएवढा. झोपेत घोरत होता, घुर्र घुर्र.

"बोकोबा, बोकोबा, उठा ना," ती अगदी हळू म्हणाली.

बोक्याने एक डोळा उघडला. "का गं, काय झालं?"

"मावशी शिवेना,
काकू ठरवेना,
रंगारी रंगवेना,
भिंत वाळेना,
खिळा शिरेना,
फोटो चढेना,
मग मी जाऊ कुठे?"

"माझी झोप मोडायची म्हणजे तसंच काहीतरी पाहिजे," बोका म्हणाला. "तू तर काडीसारखी ताठ उभी आहेस. काही वळवळेल, तेव्हा मी उठेन."

आणि डोळा मिटला. घुर्र घुर्र.

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं. ओट्यावरचं ऊन खाली उतरायला लागलं. इटुकली एकटीच पुटपुटली,

"काही वळवळेना,
बोका उठेना,
मावशी शिवेना,
काकू ठरवेना,
रंगारी रंगवेना,
भिंत वाळेना,
खिळा शिरेना,
फोटो चढेना,
मग मी जाऊ कुठे?"

तिने इकडे बघितलं. तिकडे बघितलं. मग मागे बघितलं. मागे काय होतं? मागे होती तिचीच शेपटी.

इटुकलीने डोळे गच्च... नाही, पालींना डोळे मिटता येत नाहीत. उघड्या डोळ्यांनीच तिने म्हटलं, एक, दोन, तीन.

टुप.

शेपटी पडली खाली. दुखलं का? नाही हो, जरासुद्धा नाही दुखलं. पालींचं तसंच असतं. आपलं नसतं बरं का.

आणि मग काय झालं?

शेपटी वळवळली, वळवळ वळवळ.

बोका उठला, धप्पकन. पळाला शेपटीमागे. इकडून झडप, तिकडून झडप.

मावशीने कापड ओढलं आणि शिवायला बसली, घर्र घर्र, घर्र घर्र. झाले पडदे. हिरव्या कापडावर पिवळ्या कोयऱ्या, खाली झालर.

काकूंनी पडदा खिडकीला धरला. मान डावीकडे केली, मान उजवीकडे केली. "ठरलं," म्हणाल्या. "पांढरा."

नामाने भिंतीकडे बघितलं. काकूंकडे बघितलं. "काकू, पांढराच आहे की तो."

"हा चुन्यासारखा आहे. मला मोत्यासारखा पाहिजे."

"मग मोतिया म्हणा की, सकाळीच झाला असता," नामा म्हणाला, आणि त्याने भिंत रंगवली, सपक सपक, सपक सपक.

खिडकीतून वारा आला, फुर्र. भिंत वाळली.

खिळा शिरला, ठक ठक ठक.

फोटो चढला. "जरा डावीकडे," काकू म्हणाल्या. "जरा उजवीकडे. थोडा वर. नाही, थोडा खाली. आता तिरका झाला बघ."

"काकू, पणजोबांना चक्कर येईल," नामा म्हणाला.

शेवटी पणजोबा सरळ झाले. त्यांच्या मिशाही सरळ झाल्या.

आणि इटुकली? इटुकली निघाली धावत. ओट्यावरून खिडकीत, खिडकीतून भिंतीवर, काकूंच्या डोक्यावरून वर. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. शिरली फोटोमागे.

टिक्. दिवे लागले.

आणि आली आई.

"आहेस का गं?"

"आहे."

"कुठे गेली नव्हतीस ना?"

इटुकलीने पाय पोटाखाली ओढून घेतले. आईने तिला नीट बघितलं. डोकं बघितलं. पोट बघितलं. पांढरे पांढरे पाय बघितले. त्यांच्यामागे बघितलं, तर मागे काहीच नाही.

"इटुकले, शेपटी कुठे गेली?"

"घर रंगवायला लागली," इटुकली म्हणाली.

आईने फोटोमागून मान बाहेर काढली. भिंत बघितली. पडदे बघितले, त्यांची झालर बघितली. कितीतरी वेळ बघितलं. मग परत आत आली आणि इटुकलीला पोटाशी घेतलं.

"घर मात्र छान झालंय हो," आई म्हणाली. "शेपटीचं काही नाही, येते परत. माझी ही तिसरी आहे."

गोष्ट चढली भिंतीवर,
आता डोकं उशीवर.