राहेलबाईची विहीर

उंबरदऱ्याच्या चर्चमागे ही कड ढासळलेली विहीर आहे ना, तिला आम्ही राहेलबाईची विहीर म्हणतो. पाहुणे विचारतात, धोक्याची जागा आहे, बुजवून का टाकत नाही? मग मला हे सांगावं लागतं. मी माझ्या आज्याकडून ऐकलं, त्याने त्याच्या आईकडून.

तेव्हा इथे ख्रिस्ती झालेली बारा-तेराच घरं होती, असं सांगतात. गावच्या पाणवठ्यावर त्यांना येऊ देत नसत, म्हणून त्यांनी स्वतःची विहीर खणायला घेतली. शांतवन उजागरे तळाशी पहार चालवायचा, त्याची बायको राहेल टोपल्या भरायची. वैशाखात, चाळीस हातांवर, ओल लागली. त्याच दुपारी बाकीचे जेवायला वर आले आणि वरची कड सुटली. खाली ही दोघंच राहिली.

दोन मोठे दगड एकमेकांना टेकले, त्यांच्याखाली थोडी पोकळी राहिली. राहेलला गुडघे दुमडून बसण्यापुरती जागा होती, हात लांब करता येत नव्हता. शांतवन कमरेपासून खाली दगडात अडकलेला. ज्या पाण्यासाठी सगळी वस्ती प्रार्थना करत होती, ते पाणी आता अंधारात हळूहळू चढत होतं. राहेलने नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाण्याच्या वर धरून ठेवलं.

किती वेळ गेला ते तिला कळत नव्हतं. तिने सुटका मागितली, आली नाही. मग दोघांसाठी मरण मागितलं, तेही आलं नाही.

शांतवनने विचारलं, "देव आपल्याला विसरला का गं?"

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "पण मी त्याला हाक मारायचं सोडणार नाही."

"मग मोठ्याने मार. मला ऐकू येऊ दे."

ती 'देवबापा, दया कर' म्हणत राहिली. त्याचा श्वास थांबला, तरी म्हणत राहिली. आवाज बसला, तेव्हा दगडाने दगडावर ठोकू लागली. त्याचं डोकं मात्र तिने पाण्यात जाऊ दिलं नाही, म्हणे.

वर तीन दिवस माणसं मुरूम उपसत होती. चौथ्या दिवशी दुसऱ्या बाजूलाही भेग पडली. वस्तीचे पाळकसाहेब म्हणाले, "आता आणखी कुणाला खाली सोडणं म्हणजे त्यालाही पुरणं. हीच त्यांची कबर समजू." प्रार्थना झाली, बायका रडू लागल्या. माणसांनी माती ढकलायला फावडी उचलली.

शांतवनचा बाप, गेणूबाबा, काठाशी बसला होता. तो म्हणाला, "जरा सगळे गप्प राहा. माझ्या लेकराला माती द्यायच्या आधी मला एकदा ऐकू द्या."

तीन दिवसांत पहिल्यांदाच तिथे शांतता झाली. पहार नाही, रडणं नाही. आणि खालून आवाज आला. ठक्. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा ठक्.

खालच्या उताराच्या बाजूने आडवं भगदाड पाडायला पुढचा पूर्ण दिवस गेला. राहेलला बाहेर काढलं तेव्हा पाणी तिच्या छातीला लागलं होतं. खांद्याशी धरलेल्या शांतवनला उचलायला तिचे हात सोडवावे लागले.

पाळकसाहेब तिच्याजवळ बसले. म्हणाले, "प्रभूने तुला वाचवलं, बाई."

"ह्यांना नाही वाचवलं," राहेल म्हणाली. "का, ते मी त्याला विचारीन. पण तो खाली होता, पाळकसाहेब. मी एकटी नव्हते."

विहीर बुजवायचं पुन्हा कुणी बोललं नाही. राहेलबाई पुढे पुष्कळ वर्षं जगल्या. वस्तीत कुणाचं मरण असलं की त्या त्या घरी जाऊन बसत, फारसं काही न बोलता. त्या गेल्या तेव्हा कबरीभोवती सगळे ऐकत उभे राहिले आणि पहिली मूठ टाकायला कुणाचाच हात पुढे होईना. ऊन कलायला आलं, तेव्हा त्यांच्या नातीने खाली वाकून मूठभर माती उचलली, असं सांगतात.

आजही आमच्यात पेटी कबरीत उतरली की सगळे गप्प होतात. पाळकही पुस्तक मिटतात. किती वेळ, ते ठरलेलं नाही. मयताच्या घरचं माणूस कान देऊन उभं असतं. त्याने मान हलवली, की मगच माती.