वाजणारं पाऊल

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा पत्रांना पाय असत, आणि ते पाय जासुदांचे असत. एका डोंगराळ राज्यात दर दोन कोसांवर चौकी होती. एका चौकीचा जासूद पत्रांची थैली घेऊन धावत यायचा, पुढच्या चौकीवरच्या जासुदाच्या हाती द्यायचा, की तो पळत सुटायचा.

थैली येतेय हे पुढच्याला आधी कसं कळावं? पावलांच्या आवाजावरून. म्हणून तिथे रीतच पडून गेली होती, पाऊल वाजलं पाहिजे. लांब ढांग टाकायची आणि टाच जमिनीवर आपटायची. ज्याचं पाऊल जास्त वाजे, तो मोठा जासूद. शहाण्यासुरत्या माणसांनी अशी रीत का पाडली, ते मला विचारू नका. त्या राज्यात तिशीचा माणूस गुडघ्यावर हात टेकून उठताना दिसला, की लोक ओळखायचे, हा जुना जासूद.

घाटातल्या चौकीवर एक तरुण जासूद होता. धावणं हा त्याचा जीव की प्राण. पण दर दोन महिन्यांनी त्याची नडगी ठणकू लागे. मग वैद्यबुवांचा लेप आणि आठ दिवस खाट. पाय बरा झाला की पुन्हा तेच धावणं आणि पुन्हा तोच ठणका. चांभाराने त्याच्या वहाणांना चामड्याचे तीन थर लावून दिले. पठ्ठ्या खूश झाला आणि आणखी जोरात पाय आपटू लागला.

चौकीचा नाईक जेमतेम पस्तिशीचा, पण काठीवाचून चालत नसे. तो एक दिवस म्हणाला, "गड्या, आता पुन्हा खाट धरलीस तर तुझी थैली दुसऱ्याला जाईल."

आणि चारच दिवसांत नडगी पुन्हा ठणकू लागली. तरुण ओढ्याच्या थंड पाण्यात पाय सोडून बसला. धावणं सुटलं तर आपण करायचं काय, या विचाराने त्याला रडू कोसळलं. वर बघतो तर समोर एक म्हातारा लांडगा उभा.

"घाबरू नकोस, माझं जेवण झालंय," लांडगा म्हणाला. "रोज तुझं धावणं ऐकतो. जमिनीने तुझं काय घोडं मारलंय रे?"

"म्हणजे?"

"इतका बडवतोस तिला, म्हणून विचारलं. ती काही ठेवून घेत नाही. दिलेला दणका जसाच्या तसा परत करते, आणि तुझी नडगी तो सोसते."

"पण मला लवकर पोचायचं असतं!"

"मी दिवसाला दहा कोस जातो. आत्ता आलो, तेव्हा ऐकलंस मला?"

तरुणाने नकारार्थी मान हलवली. लांडगा म्हणाला, "आधी हा ठणका जाऊ दे. मग धावताना पाऊल पुढे फेकू नकोस, अंगाखाली पडू दे. ढांग आखूड कर, पावलं भराभर टाक. आणि कान उघडे ठेव. आवाज कमी झाला की समज, जमतंय."

तरुणाने नाइकाच्या हातापाया पडून शेवटचे आठ दिवस मागून घेतले. नवव्या दिवशी तो नव्या चालीने सगळा घाट धावला, आणि दहाव्या दिवशी त्याच्या पोटऱ्या अशा भरून आल्या की उठवेना. लांडगा हसून हसून लोळला. "एका दिवसात? अरे, नवी चाल म्हणजे नवी सून. घरात रुळायला तिला वेळ लागतो. आधी या ओढ्यापासून त्या आंब्यापर्यंतच नव्या चालीने जा. उद्या थोडं पुढे."

तसं करता करता तीन महिने गेले. खाट कोपऱ्यात उभी केलेली, ती उभीच राहिली.

पण एके दिवशी तो पुढच्या चौकीवर इतका हळुवार पोचला, की तिथला जासूद डुलक्याच घेत होता. दचकून उठला आणि त्याने नाइकाकडे तक्रार केली. नाईक कडाडला, "पाऊल वाजत नाही म्हणजे तू धावतच नाहीस! टंगळमंगळ करतोस!" त्याने थैली काढून घेतली.

तरुण थेट राजाकडे गेला. "महाराज, मी धावतो की नाही ते डोळ्यांनी बघा, कानांनी नको."

राजाने फर्मावलं, "तीन दिवस रोज गड उतरायचा आणि चढायचा. एक तू, आणि दुसरा राज्यातला सगळ्यात दणदणीत जासूद."

पहिल्या दिवशी दणदणीत जासूद पुढे होता. दुसऱ्या दिवशी दोघे बरोबर आले. तिसऱ्या दिवशी दणदणीत जासूद अर्ध्या वाटेत नडगी धरून खाली बसला. तरुणाने शर्यत सोडली, त्याला खांद्याचा आधार दिला आणि सावकाश गडावर आणलं.

शर्यत बघायला आलेल्या नाइकाने ते पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. "महाराज, मलाही तरुणपणी असाच ठणका होता. तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर!" मग डोळे पुसून त्याने विचारलं, "पण पाऊल वाजलं नाही, तर पुढच्याला कळणार कसं?"

राजाने बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ मागवली आणि एका भाल्याच्या टोकाला बांधली. "वाजायचं काम हिला द्या," तो म्हणाला. "पायांना फक्त धावू द्या."

तो भाला आणि थैली घेऊन तरुण घाटात परतला. नव्या जासुदांना तो आधी महिनाभर हलकं पाऊल टाकायला शिकवू लागला, मगच त्यांच्या हाती थैली देऊ लागला. पहिल्या वर्गात सगळ्यात पुढे बसला होता तो नाईक. "मला आता धावायचं नाही," तो म्हणाला, "पण नीट चालता आलं तरी पुष्कळ." पुढे त्या राज्यात पन्नाशीचे जासूदही घाट चढताना दिसू लागले, आणि वैद्यबुवांना दुपारी झोप काढायला वेळ मिळू लागला.

तर बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, एवढं ध्यानात ठेवा: दुखण्याला लेप लावावाच, पण ज्या चालीने दुखणं येतं ती चाल आधी सुधारावी.