चिमाची हाक

केतकापूरला बागा पुष्कळ. शहर बघायला येणारे लोक आधी जुनी वेस बघतात, मग कमानींचा वाडा, गुलाबांची बाग, आणि ऊन उतरलं की शेवटी घुंगुरबागेत येतात. इथं तिकीट नाही. दारात घुंगरांची टोपली असते तेवढी. सोबत लहान लेकरू असलं तर त्याच्या पायात घुंगरू बांधल्याशिवाय आत सोडत नाहीत. मग तो कलेक्टरचा नातू असो, नाहीतर बाहेर भेळ विकणाऱ्याची पोर असो.

टोपलीपाशी म्हाताऱ्या राहीमावशी बसतात. परवा एक बाई आपल्या मुलाला दारातच दटावत होती, "गप! एकदम चूप बस म्हणते ना!"

मावशींनी तिचा हात धरला. "बये, दटावायचं तर बाहेर नेऊन दटाव. दोन धपाटे घाल हवं तर. पण ह्या बागेत लेकराला गप म्हणायचं नाही."

"का हो मावशी? देवाचं ठिकाण आहे का?"

"देवाचं नाही, आईचं आहे. टेक जरा. ह्याच्या पायात बांधते आणि सांगते."

मग मावशींनी सांगितलं ते असं.

फार मागं ही बाग वाड्यातल्या बाईसाहेबांची होती. मधोमध हा कमळांचा हौद आणि हौदात कारंजं. बाग राखायची येसू माळीण. नवरा पटकीत गेलेला. मागे एकच लेक, चिमा, नुकतीच पाऊल टाकायला लागलेली. तिच्या पायात येसूनं घुंगरांचे वाळे घातले होते, पण ते हौसेनं नव्हेत. वाफ्यात वाकलेल्या बाईला मान वर करायला सवड कुठली? डोळे खुरप्यावर आणि कान वाळ्यांवर. छुमछुम शेवंतीकडून आली की येसू आपली खुरपत राही. हौदाकडून आली की हातातलं टाकून धावे. लेकरू ती असं कानांनी सांभाळायची.

बाईसाहेबांना नवसासायासानं मुलगा झाला. आधीची हाती लागली नव्हती. आणि हाही तापानं फणफणला. सारखा रडे, डोळ्याला डोळा लागेना. वैद्य म्हणाले, झोपला तर वाचेल. तेव्हा वाड्यातून निरोप आला, बागेत आवाज नको. कारंजं बंद केलं. मोट थांबवली. मोर पिटाळले. माळी पायांना चिंध्या गुंडाळून चालू लागले.

वाळ्यांचं कुणी काही बोललं नव्हतं म्हणे. ते येसूनं आपणहून काढले. ती पण आईच ना, तिला कळत होतं. "बाळाला झोपू दे हं," असं चिमाच्या कानात सांगितलं, वाळे कमरेला खोचले आणि खुरपायला बसली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. आवाज नाही म्हणजे पोर सावलीला निजली असेल, असं वाटलं तिला. मान वर केली तर पोर नाही.

आता कुठलीही आई काय करील? नावानं हंबरडा फोडील. येसूनं तोंड उघडलंसुद्धा. पण नजर वर वाड्याच्या खिडकीकडं गेली. पडदा ओढलेला. बाळाचा आत्ताच कुठं डोळा लागला होता. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि धावत सुटली. मोगऱ्याच्या ताटव्यात बघितलं, बकुळीखाली बघितलं, केळींत बघितलं. एका माळ्याला खुणा करून विचारलं, तर त्याला वाटलं पाणी मागतेय. त्यानं घागरीकडं बोट दाखवलं.

एक हाक मारली असती तर, असं अजून लोक म्हणतात. कारण चिमाला बोलता येत नव्हतं, पण हाकेला "ओ" द्यायला ती शिकली होती.

हौदाकडं येसू शेवटी गेली. कारंजं चालू असलं की पाणी हलायचं आणि कमळाची पानं कडेला सरायची. आता पाणी निपचित होतं आणि पानं हौदभर पसरली होती. लेकराला हिरवीगार जमीनच वाटावी अशी. त्या पानांत एकच जागा मोकळी होती, लेकराएवढी.

तरी येसू रडली नाही असं सांगतात. ओली पोर मांडीवर घेऊन काठाशी बसून राहिली. वर बाळ झोपलं होतं. ते वाचलं.

ताप उतरल्यावर हुकूम झाला, कारंजं सोडा. पाणी उसळलं, पण आवाज नाही. मोर परतले, माना ताणून ओरडले, आवाज नाही. बाळानं तोंड वासलं, चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून धारा लागल्या, आणि आवाज नाही. मागून घेतलेली शांतता बागेत येऊन बसली होती, ती उठेचना.

बाईसाहेब बाळाला उराशी धरून अनवाणी खाली आल्या. पोरीला माती देऊन येसू परत काठाशीच येऊन बसली होती, मुठीत वाळे घेऊन.

"येसू, रड गं बाई," बाईसाहेबांचे नुसते ओठ हलले. "मला शिव्या दे, पण तोंड उघड. माझं लेकरू रडतंय आणि मला ऐकू येत नाही."

येसू गप्प राहिली असती तरी तिला कोण बोल लावणार होतं? तिनं बाळाकडं बघितलं. त्याचं तोंड उघडं होतं आणि आवाज नव्हता. पाण्याखाली चिमानं पण असंच तोंड उघडलं असेल, असं तिच्या मनात आलं म्हणे.

मग ती उठली. त्या दिवशी गळ्यात अडकलेली हाक तिनं मारली.

"चिमेऽऽऽ!"

पार वेशीपर्यंत ऐकू गेली ती हाक. कारंजं वाजायला लागलं, मोर केकाटले, बाळानं टाहो फोडला. सगळ्या बागेला आवाज फुटला. तेवढी एक "ओ" काही आली नाही.

पुढं येसूला बाईसाहेब काय हवं ते द्यायला तयार होत्या. येसूनं एवढंच मागितलं की या बागेत कुणी कधी लेकराला गप करू नये. जन्मभर ती या दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पोरांना घुंगरं बांधत राहिली. आणि रोज दिवेलागणीला हाक मारायची. मरताना भाचेसुनेला सांगून गेली, "हाक चुकवू नका. पोर लहान आहे, तिला उशिरा ऐकू जातं."

आजही केतकापुरात कुणी मुलीचं नाव चिमा ठेवत नाही. आजही दार ओढण्याआधी येसूच्या भाचेसुनेच्या वंशातली बाई हौदाकडं तोंड करून हाक मारते. नवे लोक दचकतात, कुणाचं पोर हरवलं म्हणून आपापलं जवळ ओढतात. हाकेला कुणी ओ देत नाही, तशी रीत आहे.

परवाही गोष्ट सांगून झाल्यावर राहीमावशी उठल्या, कंबर धरून उभ्या राहिल्या आणि साद घातली, "चिमेऽऽऽ!"

त्या बाईच्या मुलानं मान वळवली. तो तोंड उघडणार हे आईला दिसलं. तिचा हात त्याच्या तोंडावर जायला निघाला आणि मध्येच थांबला.

"ओ!" मुलगा म्हणाला.

मावशींनी वळून बघितलं नाही. रोज थांबतात त्याहून थोड्या जास्त थांबल्या. मग हळूच दार ओढून घेतलं.