व्यंक्याच्या वेबसाइटवर कुणी थांबेना

"...मग लोकं का पळतात, बाबा? येतात, जरा बघतात अन् छू!"

व्यंकटेश गड्डम, म्हणजे सगळ्या पेठेचा व्यंक्या, भर उन्हात टेकडी चढून आला होता. घशाला कोरड, जीभ कुत्र्यागत बाहेर. तरी ऐट बघा, लॅपटॉप छातीशी धरलेला, जसं काय त्याला बाळच झालंय.

दर्ग्याच्या सावलीत फकीरबाबा गोधडी शिवत बसले होते. व्यंक्या त्यांच्यासमोर भिंतीला टेकून उभा राहिला.

"वेबसाइट म्हंजे काय बेटा?"

"दुकानच की, बाबा. फोनमधलं. आमच्या सोलापुरी चादरी लोकांनी घरबसल्या मागवायच्या. मी एकट्यानं बनवलंय सगळं!"

"वा. दुकानात शिरलं की काय दिसतं?"

"आधी आमचे आजोबा, हार घातलेले. मग आमच्या चादरी विणायच्या मागाचा इतिहास. मग माझं भाषण, मागं गाणं लावलंय एक नंबर! मग एक खिडकी उघडते, तुमचा फोन नंबर द्या म्हणून..."

"आणि चादर?"

"ती काय, खाली खाली जात राहिलं की घावतेच की."

बाबांनी एक टाका घातला.

व्यंक्याची ऐट जरा उतरली. "दिवाळीपर्यंत माल खपला नाही तर आमचे वडील, नाना, माग भंगारात घालणारेत. त्यांना दुसरं कायच येत नाही हो..." त्यानं आवंढा गिळला, तोही कोरडाच. "बाबा, पाणी मिळंल का?"

"मिळंल की! बस. तर हा दर्गा..."

अन् बाबा सुरूच झाले. दर्गा कुणी बांधला. दगड कुठनं आणले. पहिले फकीर कोण, त्यांचे गुरू कोण. मध्येच डोळे मिटून एक कव्वाली, तीपण बेसूर.

"बाबा, पाणी..."

"तुझा नंबर सांग आधी."

"आँ?"

"नंबर."

व्यंक्यानं मुकाट सांगितला.

"शाब्बास. तर दुसरे फकीर..."

"चेष्टा करताय का राव गरिबाची!"

तेवढ्यात पायवाटेनं एक बाई आली. डोक्यावर कडब्याचा भारा, एक हात त्याला लावलेला. भिंतीपाशी थांबली. मोकळा हात न बघताच कोनाड्यात गेला. भरलेला तांब्या निघाला. गटागट प्याली, तांब्या होता तिथं ठेवला, अन् गेलीसुद्धा.

व्यंक्या बघतच राहिला.

कोनाडा त्याच्या कानाशी होता. मघापासून!

असा हात... मिटल्या डोळ्यांचं वासरू आचळाला तोंड लावतं, तसा गेला होता तो हात. कुणी बोलावलं नाही, कुणी दाखवलं नाही. सगळी टेकडी एकाएकी गप्प झाल्यागत वाटली त्याला.

त्यानं लॅपटॉप हळूच जमिनीवर ठेवला.

"बाबा... तिनं सलामपण नाही केला तुम्हाला. बघितलंसुद्धा नाही तुमच्याकडं!"

बाबा उठले. माठातनं तांब्या भरला, कोनाड्यात ठेवला.

"का रे? तहान लागल्यावर मला पितात का?"