कणगीतले पाहुणे

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की ज्या गावात ती घडली त्या गावाचं नावही आता कोणाला आठवत नाही. नदी होती, नदीला घाट होता आणि घाट चढून आलं की पहिलं घर द्वारकाईचं होतं.

हे वाटसरूंचं भाग्य म्हणायचं की आणखी काही, ते तुम्हीच ठरवा. द्वारकाईच्या दारावरून कोणी न जेवता पुढे गेलं, असं कधी झालं नव्हतं. पाहुण्याने पानावर दोन्ही हात आडवे धरले, तर ती बोटांच्या फटीतून आमटी वाढायची. पाहुणा जरा आडवा झाला की आणखी एक उशी देऊ का म्हणून विचारायची. त्याचा डोळा लागला की पांघरूण घालायला जायची, आणि त्यामुळे तो जागा झालाच, तर दूध गरम करून आणायची. पाहुणे तिला तोंडभरून आशीर्वाद देत आणि ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच निघत. एवढी घाई कसली, हे तिला कधी कळलं नाही. तिच्या मनात मायेशिवाय दुसरं काही नव्हतं, हे मात्र आधीच सांगून ठेवतो. पुढचं ऐकताना तेवढं विसरू नका.

द्वारकाईच्या मुलाचं लग्न झालं आणि तुळसा सून म्हणून घरी आली. नदीपलीकडच्या लहानशा वाडीतली मुलगी, बोलायला कमी. येताना तिने माहेरून एक झाकणाची टोपली आणली होती. टोपलीत दोन ससे होते, एक पांढरा आणि एक भुरा. माहेरी ते घरातच वाढलेले, चुलीपासून अंगणापर्यंत तिच्या मागे मागे हिंडायचे. या नव्या घरात तिच्या ओळखीचे जीव काय ते हे दोनच.

सुनेचे सोबती म्हणजे आपले पाहुणेच, असं म्हणून द्वारकाईने पदर खोचला. माजघराच्या मधोमध चौरंग मांडला. त्यावर मऊ गादी घातली, भोवती रांगोळी काढली आणि पुढ्यात चांदीच्या वाटीत कोवळी मेथी ठेवली. सशांना कुठे अडचण नको म्हणून तिथले पाट, टोपल्या, जुनी पेटी, सगळी अडगळ उचलून बाहेर काढली. चारही भिंती मोकळ्या झाल्या. कुठूनही पाहिलं तरी ससे दिसावेत, असं घर लख्ख करून तिने आळीतल्या बायकांना बोलावलं.

ससे चौरंगावर एकमेकांना चिकटून बसले होते. कान पाठीला लावलेले, डोळे ताणून उघडलेले. किती गुणाचे आहेत, जागचे हलतसुद्धा नाहीत, असं बायका एकमेकींना सांगत होत्या. प्रत्येकीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि द्वारकाईचा ऊर भरून आला.

गोष्टींतले प्राणी बोलतात. हे दोघे बोलले नाहीत. बोलले असते, तर गोष्ट इथेच संपली असती आणि द्वारकाईच्या जिवाचा पुढचा सगळा घोर वाचला असता.

ससे खाईनात. घर सामसूम झाल्यावर एखादं पान कुरतडायचे, तेवढंच. द्वारकाईने मेथी बदलून कोथिंबीर ठेवली, कोथिंबीर बदलून गाजर ठेवलं. वाटीतून घेत नाहीत म्हणून हाताने तोंडाशी धरलं. ते तोंड फिरवायचे, तसा हात त्या बाजूला जायचा. दृष्ट लागली असेल म्हणून तिने मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या, तसा भुऱ्या सशाने मागचा पाय धप्पकन आपटला आणि दोघे उडी मारून पळाले. शोधता शोधता ते कोपऱ्यातल्या जात्यामागे सापडले, जातं आणि भिंत यांच्यातल्या वीतभर अंधारात अंग कोंबून बसलेले.

द्वारकाईला वाईट वाटलं. मऊ गादी सोडून लेकरं थंड जमिनीवर, पिठाच्या धुळीत बसली. तिने दोघांना हळूच बाहेर ओढलं, अंग पुसलं, पुन्हा चौरंगावर ठेवलं आणि जात्यामागची फट पाटाने बंद करून टाकली. मग तिला दारामागची फट दिसली, ती बंद केली. माळ्याच्या शिडीखालचा कोपरा दिसला, तिथे घागर ठेवली. कुठेही लपायला जागा उरली नाही, तेव्हा तिला वाटलं, आता यांना सगळं सुख मिळालं.

तुळसा दारात उभी राहून पाहत होती. तिला काय म्हणायचं होतं ते तिच्या ओठांपर्यंत आलं आणि परत गेलं. आपल्यासाठी जी बाई एवढं करते, तिला नवी सून कोणत्या तोंडाने सांगणार, की एवढं करू नका? शिवाय ते सशांबद्दल सांगितलं, तर आणखी कोणाबद्दल सांगितल्यासारखं होईल, हीही तिला भीती. कारण तुळसासुद्धा जेवत नव्हती. ताटात वाढलेलं ताटातच फिरवायची. तिच्याभोवतीही दिवसभर कोणी ना कोणी असायचंच, आणि सगळे प्रेमाने बोलायचे.

शेवटी गावचा वैद्य आला. त्याने सशांची पोटं चाचपली आणि मान हलवली. रोग काही नाही, पण पोट रिकामं आहे, आणि सशाचं पोट रिकामं राहिलं की तो फार काळ टिकत नाही, असं सांगून तो गेला. तुळसाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते तिने कोणाला दिसू दिलं नाही. पण द्वारकाईला दिसलं.

त्या दिवसापासून द्वारकाईची झोप उडाली. आजवर तिच्या दारातून कोणी उपाशी गेलं नव्हतं, आणि हे मुठीएवढे जीव, सुनेने विश्वासाने आणलेले, तिच्या डोळ्यांदेखत उपाशी मरणार होते. ते गेले तर या मुलीचं मन या घरात पुन्हा लागणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. विचार करकरून तिचं डोकं दुखायला लागलं.

द्वारकाईचं डोकं दुखतंय, ही बातमी आळीभर व्हायला कितीसा वेळ लागणार? बायका धावून आल्या. एकीने कपाळावर सुंठेचा लेप थापला. दुसरी काढा घेऊन तोंडाशी धरून बसली. तिसरी पाय चेपू लागली, चौथी कसं वाटतंय म्हणून विचारू लागली, आणि पुन्हा विचारू लागली. द्वारकाईने डोळे मिटले, तर कोणीतरी म्हणालं, झोप लागत नाहीये का? सगळ्या जणी हे तिच्याकडूनच शिकल्या होत्या. तिला मात्र पहिल्यांदाच वाटलं, की आता कोणी बोललं तर मी ओरडेन.

काढ्यात गूळ कमी आहे, आणते, असं सांगून ती उठली आणि धान्याच्या कोठीत शिरली. दार लोटून घेतलं. आत गार अंधार होता आणि जुन्या ज्वारीचा वास. भिंत आणि पोत्यांची थप्पी यांच्या मधे ती अंग चोरून बसली आणि तिने मोठा श्वास सोडला. डोकं तिथल्या तिथे निम्मं उतरलं.

मग तिला दिसलं, की त्या अंधारात आपण एकटे नाही. समोर तुळसा बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. ती दचकली, उठू लागली, पण द्वारकाईने हाताने तिला बस म्हटलं. दोघींच्या मधे एक मोडकी कणगी आडवी पडली होती. धान्य साठवायची बांबूची उंच कणगी, बूड कुजून गेलेली, दोन्ही बाजूंनी उघडी. आतून बारीक आवाज येत होता. कुरुम, कुरुम, कुरुम.

द्वारकाईने श्वास रोखला. ससे खात होते. तुळसाने त्यांना गुपचूप इथे आणून आत वाळलेलं गवत पसरलं होतं आणि दोघे पाठीला पाठ लावून ते मन लावून खात होते. द्वारकाईला रडू आलं. आणि रडता रडताच ती उठायला लागली, कारण मेथी आणायची होती.

तुळसाने तिचा पदर धरला. "आत्याबाई, बसा थोडं. काही आणू नका. आपण इथे आहोत हे त्यांना विसरू द्या."

द्वारकाई बसली. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी जेवत असताना ती नुसती बसली.

तेवढ्यात बाहेरून कोणीतरी दार ढकललं आणि गूळ सापडला का म्हणून विचारलं. ससे क्षणात कणगीच्या दुसऱ्या तोंडाने निसटून पोत्यांमागे गेले. दार लोटलं गेलं, सामसूम झाली आणि जरा वेळाने दोघे आपण होऊन कणगीत परतले. कुरुम, कुरुम. तुळसा हळू आवाजात सांगू लागली, की एकाच तोंडाची जागा त्यांना सापळ्यासारखी वाटते, बाहेर पडायला दुसरी वाट दिसली की मगच ते निवांत होतात. आत असताना त्यांना ओढून काढलं, की ती जागाही त्यांच्या उपयोगाची राहत नाही.

"आणि तू गं?" द्वारकाईने विचारलं. "तू कशाला येऊन बसतेस इथे?"

तुळसाने खाली पाहिलं. द्वारकाईच्या काळजात कळ उठली. एवढं केलं, आणि ही माझ्यापासून लपते? मग तिचं लक्ष स्वतःकडे गेलं. कपाळावर सुंठेचा लेप, पोत्यांमागे दडलेली, आपल्याच घरात. बाहेर बायका हाका मारत होत्या, काढा निवतोय म्हणून. द्वारकाईने तोंडावर बोट ठेवलं. तुळसाने पदराचा बोळा तोंडात कोंबला, आणि दोघी आवाज न करता हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी माजघरातला चौरंग निघाला. मोडकी कणगी स्वच्छ होऊन कोपऱ्यात आडवी बसली. जुन्या पेटीला दोन बाजूंनी दारं कापून ती दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली, म्हणजे एकाचं दुसऱ्याशी बिनसलं तर प्रत्येकाला आपली जागा. चार विटांवर एक पाट ठेवला, वर बसून बघायला आणि खाली पाय ताणून पडायला. आत जुनं लुगडं घातलं, वाळलेलं गवत घातलं. आणि द्वारकाईने सर्वांना बजावलं, की आत गेलेल्याला कोणी हात लावायचा नाही. मग माजघरामागच्या छोट्या खोलीला तिने आतून कडी बसवून घेतली आणि ती खोली तुळसाला दिली. द्वारकाईने पाहुण्यांना अडगळीत टाकलं, सुनेला कोंडून घेऊ दिलं, अशी गावात थोडी कुजबुज झाली. तिने ती होऊ दिली.

ससे भरले. त्यांची अंगं पुन्हा गुबगुबीत झाली. दुपारी कडी लावून निजलेली तुळसा दिवेलागणीला आपण होऊन चुलीपाशी यायची, माहेरच्या गोष्टी सांगायची, आणि एका संध्याकाळी तिने आणखी एक भाकरी मागून घेतली. द्वारकाईने एकच वाढली. त्यासाठी तिला केवढा धीर धरावा लागला, ते तिचं तिला माहीत.

अशाच एका संध्याकाळी द्वारकाई भाजी निवडत बसली होती. पांढरा ससा कणगीतून बाहेर आला. इकडे तिकडे हुंगत तिच्यापाशी आला, तिच्या पावलावर हनुवटी टेकवली आणि एकाएकी धाडकन कुशीवर कोसळला. पाय ताणले गेले, डोळे अर्धे मिटले.

द्वारकाईच्या हातातली जुडी गळून पडली. "तुळसा, गेला गं हा."

तुळसाने येऊन पाहिलं आणि तिला हसू फुटलं. "झोपलाय, आत्याबाई. बिनघोर झाला की असाच पडतो. माहेरी फक्त माझ्यापाशी पडायचा."

द्वारकाई जागची हलली नाही. कुरवाळायला हात शिवशिवत होता, तो तिने पदराखाली घट्ट धरून ठेवला. पाय बधीर झाला, चुलीवरचं दूध उतू गेलं, दारातून शेजारणीने दोनदा हाक मारली. तिने ओ दिली नाही. सशाचं पोट हळूहळू वर-खाली होत होतं आणि ती ते नुसतं पाहत राहिली.

बोध : ज्याला आपल्यापासून लपायची मोकळीक असते, तोच आपण होऊन आपल्याजवळ येतो.