पंतोजींचा डाव

एका गावात विसाजीपंत नावाचे एक पंतोजी होते. गावात शाळा नव्हती, ती त्यांनीच काढली. दारोदार फिरून, एकेका आईबापाच्या विनवण्या करून बारा मुले गोळा केली आणि देवळाच्या पडवीत शाळा भरवू लागले. माणूस विद्वान, कष्टाळू. पण मुलांपुढे बसले की त्यांचा पारा चढलाच म्हणून समजा.

त्याला कारणही तसेच होते. सहा महिने घसा कोरडा केला तरी पोरांना 'भ' आणि 'म' यांतला फरक कळेना. एकदा त्यांनी धनगराच्या भिवाला पाटीवर 'भात' लिहून दिले.

"वाच."

"मात," भिवा म्हणाला.

"अरे, शंभरदा सांगितलं! म च्या डोक्यावर अख्खी रेघ, भ च्या डोक्यावर तुटकी! आता वाच."

भिवाने बराच वेळ पाटीकडे पाहिले, मग छडीकडे पाहिले. "मातच," तो म्हणाला.

पंतोजींनी कपाळावर हात मारला. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरे काय!

अशातच गावचे देशमुख शाळा पाहायला आले. एकालाही धड वाचता येईना. देशमुख म्हणाले, "पंत, दिवाळी झाली की मी परत येईन. तेव्हाही हाच प्रकार असला, तर शाळा बंद. पडवीत कडबा ठेवू. पोरं गुरांमागे गेली तर निदान गुरं तरी पोसली जातील."

पंतोजींना त्या दिवशी अन्न गोड लागले नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी छडी दुप्पट चालवली. पोरे जे थोडेफार शिकली होती, तेही विसरली.

एका दुपारी पंतोजींना देवळामागून आरडाओरडा ऐकू आला. भिंतीआडून पाहतात तो मुले ठिकरी खेळत होती. जमिनीवर चौकोनी घरे आखलेली, आणि एका पायावर उड्या चाललेल्या. या खेळात फेरी पुरी करणाऱ्याला एक घर मिळते. दुसऱ्याने त्यात पाय टाकला की तो बाद. पण घर कोणाचे यावरून रोज भांडणे होत, म्हणून कुंभाराच्या मैनेने ज्याच्या-त्याच्या घरात नावाचे पहिले अक्षर काढून ठेवले होते. आता भिवाची पाळी होती. त्याने मैनेच्या 'म' वरून झेप घेतली आणि नेमका आपल्या 'भ' मध्ये उतरला.

पंतोजींच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्यापुढे दातखीळ बसते, आणि इथे कार्ट्याला सगळी अक्षरं येतात!"

पण पंतोजी मूर्ख नव्हते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पडवीपुढे घरे आखली, सुतासारखी सरळ. प्रत्येक घरात एक अक्षर काढले आणि नियम सांगितले. "रांगेत उभं राहायचं. हसायचं नाही. बोलायचं नाही. जो चुकेल त्याला दोन छड्या. हं, खेळा!"

दुसऱ्या दिवशी तिघांच्या पोटात दुखू लागले. चौथ्या दिवशी सात जणांच्या पायांत काटे मोडले.

पंतोजी घरी येऊन पत्नीपाशी, उमाबाईंपाशी, चरफडले. "शिकवलं तर नको, खेळवलं तरी नको! या पोरांना हवं तरी काय?"

उमाबाई डाळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, खेळात चुकणारा बाद होतो आणि पुढच्या डावाला पुन्हा येतो. तुमच्याकडे चुकणारा मार खातो. त्याला खेळ कोण म्हणेल?"

दुसऱ्या सकाळी पंतोजी छडी न घेता शाळेत गेले. "खेळा," ते म्हणाले. मुले जागची हलली नाहीत. शेवटी मैना म्हणाली, "पंतोजी, तुमचा डाव कधी?"

"माझा? मी काय उड्या मारू?"

"खेळात सगळ्यांवर डाव येतो."

पंतोजी चिडून उठले. रस्त्याने लोक जात होते. पंतोजींनी त्यांच्याकडे पाहिले, मुलांकडे पाहिले, आणि धोतराचा काचा मारला. एक उडी, दुसरी उडी, तिसऱ्या उडीला तोल गेला आणि पाय नको त्या घरात पडला.

"बाद!" भिवा ओरडला. "तो भ आहे, पंतोजी! माझं घर!" आणि ओरडून झाल्यावर तो पांढराफटक पडला.

पंतोजींचा हात सवयीने छडी शोधू लागला. मग ते थांबले. "बरोबर आहे. भ च आहे," असे म्हणून ते मुकाट्याने बाजूला जाऊन बसले.

त्या दिवशी दिवेलागण झाली तरी एकही मूल घरी जाईना. हळूहळू घरांत एका अक्षराऐवजी शब्द आले, मग शब्दांच्या ओळी आल्या. पंतोजी रोज कुरकुरत खेळत आणि रोज बाद होत.

दिवाळी झाल्यावर देशमुख आले, तेव्हा पंतोजी एका पायावर उभे होते. देशमुख कडाडले, "पंत, ही शाळा आहे की तमाशा?" त्यांनी हातातला कागद पुढे केला. चावडीवर लावण्यासाठी तो ठळक अक्षरांत आधीच लिहून आणलेला होता. "ऐकवा, कोणाला वाचता येत असेल तर!"

मैनेने कागद घेतला आणि बोट ठेवून वाचू लागली. "या... गावची... शाळा..." पुढचे शब्द पाहून ती थांबली.

भिवाने तिच्या खांद्यावरून वाकून पाहिले. "आजपासून बंद," त्याने स्पष्ट वाचले, आणि तो रडू लागला.

देशमुखांनी मुलांकडे पाहिले, मग घामाघूम झालेल्या पंतोजींकडे. त्यांनी मैनेच्या हातून तो कागद घेतला आणि फाडून टाकला.

तात्पर्य: चुकण्याची भीती गेली की मूल शिकू लागते, म्हणून मुलांना खेळातून शिकवणाऱ्याने आधी स्वतः बाद व्हायला शिकावे.