न धुतलेले उपरणे

शुद्धलेखनात चुका असतील, शब्दही साधे आहेत. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे.

पूर्वी चंपानगरीत भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका परिटाच्या कुळात जन्मले होते. त्याच गल्लीत शंबर नावाचा म्हातारा दोर वळून पोट भरी. त्याला मागेपुढे कोणी नव्हते. होती ती पाळलेली मुंगसाची मादी, पिंगी. ती शंबराच्याच हातून खाई. दुसऱ्याने पुढे केलेल्या माशाला तोंडही लावीत नसे, आणि याचा शंबराला फार अभिमान होता.

त्या साली त्याला खोकल्याने धरले. वैद्याने नाडी पाहून मान हलवली. मरणाचे शंबराला काही वाटले नाही; पण आपल्यामागे पिंगी उपाशी मरेल, या विचाराने त्याची झोप उडाली. तो परिटाकडे गेला.

"अरे, तुझ्याकडे उंदीर कपडे कुरतडतात. पिंगीला ठेवून घे."

परिटाला मुंगूस हवेच होते. तरी तो म्हणाला, "काका, मी दिवसभर घाटावर. बंद दाराआड ती माझे उंदीर मारील, पण झुरेल. तुमची शेजारीण गोमती घरातच असते."

"तिच्या हातचे माणसे खात नाहीत, पिंगी काय खाणार?"

परीट हसला. म्हाताऱ्याचे उपरणे हातात घेऊन त्याने हुंगले आणि परत दिले. "हे धुवायला टाकू नका. गोमतीला पांघरायला द्या."

"असले घामट? ती केरसुणी उगारील."

"उगारू द्या. मी कपडे वासावरून ओळखतो. मुंगूस तर माझ्याहून हुशार."

गोमतीने नाक मुरडले, पण उपरणे पांघरले. पिंगीने तिला बराच वेळ हुंगले. तिसऱ्या दिवशी तिच्या हातचा तुकडा उचलला. परिटाच्या सांगण्यावरून शंबर आधी शेजारी बसे, मग उंबऱ्यावर, मग भिंतीआड. शेवटी उपरणेही काढले, तरी पिंगी खाऊ लागली. भिंतीआडून तिचे चावणे ऐकताना शंबराच्या काळजात टोचले.

"आता तिला माझी गरज उरली नाही," तो म्हणाला.

"म्हणजे आता ती जगेल, काका," परीट म्हणाला.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "तेव्हाचा शंबर म्हणजे विहारातले पाडस कुणाच्या हाती न देणारा हा समोर बसलेला वृद्ध भिक्खू पुण्णसेन. गोमती म्हणजे पलीकडच्या कुटीतला भिक्खू वारण. परीट मीच होतो. आपल्यावाचून दुसऱ्याचे चालावे अशी सोय जिवंतपणी करणे, ही मैत्री पारमिता, मैत्रीची परिपूर्णता."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्णसेनाने पाडसाला भरवायला कोवळे गवत वारणाच्या हाती दिले, शेजारी मांडी घालून बसला आणि स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून ठेवले.